आफ्रिकेतल्या राजांनीच माणसं विकली म्हणतात, मग दोष नक्की कुणाचा?

पेठेतला_वाचक

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे पण विषय चार दिवस डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

आमचा रविवारी सकाळी रंकाळ्याला चक्कर मारून झाली की चहाचा कट्टा बसतोय. सात-आठ जण असतोय, कोण बँकेतनं रिटायर, कोण उद्यमनगरात वर्कशॉपवाला, मी आपला दुकानदार. गेल्या रविवारी एकानं व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज वाचून दाखवला, की अमेरिकेत जे काळे गुलाम नेले त्यांना गोऱ्यांनी पकडलंच नव्हतं, त्यांच्याच आफ्रिकन राजांनी त्यांना विकलं, मग आता ही लोकं गोऱ्यांकडं भरपाई कसली मागतात, आपापसात बघून घ्या म्हणावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, संपला विषय.

मला काही ते पटलं नाही, पण तिथं उत्तरही देता आलं नाही. कारण मलाच माहीत नव्हतं की हे खरं आहे का खोटं.

आणि पटलं नाही त्याचं कारण घरचं आहे. माझे पणजोबा वेठीला जायचे. शाहू महाराजांनी वेठबिगारी बंद केली त्याच्या आधीची गोष्ट. साहेब लोकांचा दौरा आला की गावात बोलावणं यायचं, पेरणी असो नाहीतर घरात कोण आजारी असो, सामान डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामापर्यंत चालायचं, पैसा नाही की भाकरी नाही. आता त्यांना बोलवायला साहेब स्वतः थोडाच यायचा, गावातलाच माणूस यायचा. म्हणून काय साहेबाचा दोष गेला? असं मला त्या कट्ट्यावर ओरडून विचारावं वाटत होतं पण शब्द जुळले नाहीत.

तर ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी सांगा, आफ्रिकन राजांनी खरंच माणसं विकली का, किती आणि का विकली, आणि ते खरं असलं तर गोऱ्यांच्या माथ्यावरचं ओझं किती कमी होतंय? उगीच कुणाची बाजू घेऊन लिहू नका, जे आहे ते सांगा.

जुना_मास्तर

तीस वर्षं इतिहास शिकवला म्हणून लिहायचं धाडस करतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. आणि ते आधी सरळ कबूल करा, कट्ट्यावर सुद्धा. चांगल्या मनाचे लोक हे नाकारायला जातात आणि मेसेज पाठवणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत देतात.

१५०१ ते १८६६ या काळात साधारण सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवली गेली आणि त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडं जिवंत उतरली. म्हणजे अठरा लाखांच्या आसपास माणसं समुद्रातच गेली. ही संख्या परत एकदा वाचा. आता यातल्या बहुतेकांना किनाऱ्यापर्यंत आणलं ते आफ्रिकेतल्याच राजांच्या सैन्यानी आणि व्यापाऱ्यांनी, लढाईतले कैदी म्हणून, छापे घालून पळवून, कर्जापोटी किंवा शिक्षा म्हणून. युरोपीय माणूस आत फारसा जातच नव्हता, एक तर मलेरिया आणि पीतज्वर यांनी माणसं पटापट मरायची आणि दुसरं म्हणजे आतली राज्यं दुबळी नव्हती. गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, युरोपीय लोकांनी किल्ले बांधले त्या जमिनीचं भाडं ते स्थानिक राजांना देत होते. म्हणजे गोरे आले आणि जाळं टाकून माणसं धरून नेली हे सिनेमातलं चित्र बऱ्याच अंशी चुकीचं आहे.

पण पूर्ण चुकीचं नाही, आणि मेसेज इथंच लबाडी करतो. सुरुवात तशीच झाली होती. १४४० च्या दशकात पोर्तुगीज जहाजं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरून लोकांना सरळ पळवून नेत होती, १४४४ ला पोर्तुगालच्या लागोस गावात २३५ माणसं उतरवून वाटून घेतली, त्यात आई एकीकडं आणि पोर दुसरीकडं. मग किनाऱ्यावरचे लोक लढायला लागले, पोर्तुगीज मारले जायला लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पळवण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडतं. व्यापार तिथून सुरू झाला.

आता "त्यांच्याच माणसांनी" या शब्दांकडं बघा. १७३० साली दाहोमेच्या, म्हणजे आजच्या बेनिन देशातल्या एका राज्याच्या राजाला कुणी विचारलं असतं की तुम्ही तुमच्याच माणसांना का विकता, तर त्याला प्रश्नच कळला नसता. तो आपली माणसं विकत नव्हता, तो शत्रूची माणसं विकत होता. आफ्रिकन ही ओळख त्याच्या डोक्यात नव्हतीच, ती फार नंतर आली, आणि बरीचशी त्या जहाजांच्या पोटातच तयार झाली. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पानिपतानंतर हजारो मराठी बायका-मुलं गुलाम म्हणून हाकलत नेली. अब्दालीच्या बाजूनं नजीबखान रोहिला होता, शुजाउद्दौला होता, दोघांची सत्ता इथलीच. पण "भारतीयांनीच भारतीयांना गुलाम केलं, अब्दालीचा काय दोष" असं वाक्य तुम्ही कधी ऐकलंय का? मी तरी नाही ऐकलं.

का विकली, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लोभ होताच, तो झाकायचा नाही. दाहोमेच्या अगाजा राजानं १७२७ ला व्हिदा हे बंदर जिंकलं आणि पुढं सव्वाशे वर्षं ते राज्य बऱ्याच अंशी माणसं विकून उभं राहिलं, दरवर्षी मोहिमा काढायच्या, गावं लुटायची. गेझो राजा तर १८१८ ते १८५८ गादीवर होता आणि इंग्रजांनी बंदराची नाकेबंदी केल्यावर १८५२ ला कुठं व्यापार बंदीच्या करारावर सही केली, तीही पुढं नीट पाळली गेली नाही. पण लोभाच्या जोडीला भीती होती. जहाजातनं बंदुका आणि बंदुकीची दारू यायची, आणि बंदुकीच्या बदल्यात हवा असायचा माणूस. शेजारच्या राजाकडं बंदुका आल्या आणि तुमच्याकडं नसल्या तर पुढच्या उन्हाळ्यात तुमचीच माणसं साखळीत. म्हणजे विकणारा व्हा नाहीतर विकले जा, असा फास तयार झाला. तो फास किनाऱ्यावरनं आत सरकत गेला आणि दोन-तीनशे वर्षांत भांडखोर, लुटारू राज्यं मोठी झाली, साधी शेती करणारी मोडली.

आणि सगळे राजे सामील नव्हते हेही कट्ट्यावर सांगा. काँगोचा राजा अफोंसो यानं १५२६ ला पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहिली, की तुमचे व्यापारी रोज आमची माणसं पळवतायत, अगदी सरदारांची मुलं आणि माझे नातेवाईक सुद्धा, देश ओस पडायला लागलाय, आम्हाला फक्त पाद्री आणि शिक्षक पाठवा. आता खरं सांगायचं तर अफोंसो स्वतःही लढाईतले कैदी विकत होता, तो काही संत नव्हता, पण आग हाताबाहेर गेली हे त्याला दिसलं आणि तोवर उशीर झाला होता. बेनिन राज्यानं (हे आजच्या नायजेरियात होतं, आजचा बेनिन देश वेगळा) सोळाव्या शतकात पुरुष कैदी बाहेर विकणं बंद केलं ते दीडशे वर्षांच्या वर टिकलं. सेनेगल नदीकाठच्या फूता तोरोमध्ये तिथला राज्यकर्ता अब्दुल कादर यानं अठराव्या शतकाच्या शेवटी आपल्या मुलखातनं गुलामांचे तांडे जाऊ द्यायला मनाई केली. आणि राजे सोडा, साधी माणसं लढली. आजच्या बेनिन देशात नोकुए सरोवरात गांव्ये नावाचं आख्खं गाव खांबांवर उभं आहे, दाहोमेच्या सैनिकांपासून जीव वाचवायला लोक पाण्यात जाऊन राहिले, कारण पाण्यावर हल्ला करणं त्या सैनिकांच्या धर्मात बसत नव्हतं असं तिथं सांगतात. विकणारेही आफ्रिकन आणि पाण्यात पळालेलेही आफ्रिकनच की. "आफ्रिकन लोकांनी" हा एक शब्द त्या दोघांना कसा पुरेल?

शिरोली_टू_टेमा

मास्तरांचं वाचलं, भारी लिहिलंय सर. मी पुस्तकातलं नाही सांगू शकत, बघितलेलं सांगतो.

मी शिरोलीत फाउंड्रीत होतो, नंतर पंपांच्या कामानं घानात टेमाला तीन वर्षं काढली. तिथं सुट्टीत एल्मिना आणि केप कोस्टचे किल्ले बघायला गेलो, सोबत ऑफिसातले दोघं तिथलेच. केप कोस्टला खाली पुरुषांचं तळघर आहे, हवेला वर एक-दोन झरोके, जमीन काळी आणि गुळगुळीत, गाईड म्हणाला तुम्ही ज्यावर उभे आहात ती नुसती फरशी नाही, माणसांच्या घाणीचा थर बसून बसून झालेली आहे. आणि त्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनेची जागा होती. मी पन्हाळा, विशाळगड बघत मोठा झालेला माणूस, किल्ला म्हटलं की छाती फुगते आमची, पण तिथनं बाहेर आलो आणि कितीतरी वेळ समुद्राकडं नुसतं बघत बसलो, जेवण गेलं नाही.

पण सांगायचं ते पुढंच आहे. परत येताना असिन मान्सोला थांबलो, तिथं एक छोटी नदी आहे. उत्तरेकडनं शेकडो किलोमीटर साखळीत चालवत आणलेल्या लोकांना तिथं शेवटची आंघोळ घालायचे, अंग चोळून तेल लावायचे म्हणजे भाव चांगला यावा, आणि मग किनाऱ्यावर. बेंदराला बैल धुतात ते मला आठवलं आणि अंगावर काटाच आला, आपण निदान बैलाला पूजायला धुतो. तिथं १९९८ ला अमेरिका आणि जमैकातनं दोन गुलामांचे अवशेष परत आणून पुरलेत.

माझ्या सोबतचा एक जण उत्तर घानाचा होता. किल्ल्यात गप्प होता, इथं बोलला. म्हणाला किल्ल्यात सगळे गोऱ्यांना शिव्या घालतात आणि ते बरोबरच आहे, पण आमच्या गावात आजी लोक ज्या गोष्टी सांगतात त्यात गोरा माणूस येतच नाही, त्यात घोड्यावरनं येणारे छापेवाले आणि अशांती नावाच्या तिथल्याच मोठ्या राज्याचे सैनिक येतात. दुसरा किनाऱ्याकडचा होता, त्यानं मान खाली घातली. भांडले नाहीत हं, पण गाडीत तासभर कोण बोललं नाही.

नंतर त्या दुसऱ्यानंच मला सांगितलं की अकान म्हणजे घानातल्या एका मोठ्या समाजाच्या लोकांच्यात जुना दंडक आहे, कुणाचं मूळ कुठलं हे चारचौघांत काढायचं नाही. कारण गुलाम म्हणून आणलेल्या कितीतरी लोकांची पोरंबाळं त्याच घराण्यात मुरली, आडनाव एक, देव एक, आणि उकरून काढलं तर घर फुटतंय. म्हणजे तिथं हा विषय नाही असं नाही, घराघरात आहे, फक्त दार लावून आहे. आपण इथं रंकाळ्यावर बसून "बघून घ्या आपापसात" म्हणतो, ते बघतायत की, आपल्याला फक्त दिसत नाही.

स्पष्टच_बोलतो_कागल

सगळ्यांचं वाचलं. मी त्या कट्ट्यावर असतो तर मीपण मान डोलावली असती, म्हणून माझी बाजू लिहितो. राग मानू नका, मनापासून लिहितोय.

आपण हा विषय काढला की कायम गोरे आणि अमेरिका. अरबांनी सहारातनं आणि झांजिबारकडनं शेकडो वर्षं माणसं नेली, त्याचं नाव कोण का काढत नाही? झांजिबारचा बाजार १८७३ पर्यंत चालू होता. टिपू टिप नावाचा मोठा व्यापारी होता, त्याच्या अंगात आफ्रिकन रक्त पण होतं, त्यानं आतल्या मुलखात हस्तिदंतासाठी आणि गुलामांसाठी धुमाकूळ घातला. दुसरं, इंग्रजांनी १८०७ ला व्यापार बंद केला आणि नंतर स्वतःचं आरमार लावून जहाजं पकडली, दीड लाखाच्या आसपास माणसं सोडवली, त्यात इंग्रज खलाशी रोगराईनं मेले ते वेगळंच. हे पण सांगा की. आणि तिसरं म्हणजे भरपाई द्यायची म्हटली तर कुणी कुणाला? दाहोमेच्या राजाच्या वंशजाला पण मिळणार का? ज्यानं विकलं त्याच्या नातवानं पैसे मागायचे हे मला खरंच कळत नाही.

जुना_मास्तर

कागलकर, तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी एकही टाळणार नाही.

अरबी व्यापार झाला, फार मोठा झाला, आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं ही तक्रार रास्त आहे. पण तिथंही आपण नुसते प्रेक्षक नाही. झांजिबारच्या व्यापाराला भांडवल पुरवणारे बरेच कच्छी आणि गुजराती व्यापारी होते, आणि १८६० ला तिथल्या इंग्रज वकिलानं हिंदी लोकांच्या घरातले गुलाम सोडवायला लावले होते. आणि आपल्या दख्खनेत हबशी आले कुठनं? मलिक अंबर १५४८ च्या सुमाराला इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हातोहात बगदादपर्यंत गेला आणि शेवटी निजामशाहीच्या एका वजिरानं विकत घेतला. पुढं त्यानं मोगलांना जेरीस आणलं, खडकी वसवली, जमीन महसुलाची घडी बसवली, आपण त्याचं कौतुक करतो आणि ते करायलाच हवं. पण पोराला विकणारा तिकडचा, नेणारा अरब, आणि विकत घेणारा आपल्या नगरचा. शेवटचं गिऱ्हाईक आपणच.

आरमाराचं म्हणाल तर खरं आहे, त्या खलाशांचं मोल कमी करायचं कारण नाही. पण त्याच इंग्लंडनं १८०७ पूर्वी तीस लाखांहून जास्त माणसं स्वतःच्या जहाजातनं नेली होती. आणि १८३३ ला गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तेव्हा भरपाई दिली, दोन कोटी पौंड, पण कुणाला? मालकांना. गुलामांना दमडी नाही, उलट मळ्यात आणखी काही वर्षं उमेदवार या नावाखाली फुकट राबा म्हणून सांगितलं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटलं कधी माहीत आहे? २०१५ ला. म्हणजे भरपाई ही कल्पना काही आजच्या चळवळवाल्यांनी काढलेली नाही, फक्त तेव्हा ती उलट्या हातात पडली.

तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही, तो खरंच अवघड आहे. पण मागणारे सगळे विकणाऱ्याचे नातू नाहीत. कॅरिबियन देशांनी २०१४ ला जी मागणी मांडली ती विकल्या गेलेल्यांच्या वंशजांची आहे. आणि विकणाऱ्यांच्या बाजूनं काही झालं नाही असंही नाही. बेनिन देशाचे अध्यक्ष केरेकू १९९९ ला अमेरिकेत बाल्टिमोरला गेले आणि आमच्या पूर्वजांनी जे केलं त्याबद्दल तिथल्या कृष्णवर्णीयांची माफी मागितली. नायजेरियात २००९ ला तिथल्याच नागरी हक्कवाल्यांनी पारंपरिक राजांना सांगितलं की तुम्ही पण माफी मागा, सगळं गोऱ्यांवर ढकलू नका. आणि बेनिननं २०२४ ला कायदाच केला की गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांना आमचं नागरिकत्व मिळेल. तुम्ही म्हणता तो प्रश्न आफ्रिकेतले लोक आपसात विचारतायत आणि आपल्यापेक्षा जास्त कडक विचारतायत. व्हिदामध्ये द सोझा नावाच्या ब्राझीलहून आलेल्या मोठ्या गुलाम व्यापाऱ्याचं घराणं आजही मानाचं आहे, आणि त्याच गावात विकल्या गेलेल्यांचं स्मारक पण आहे. एकाच गावात दोन्ही सांभाळायचं म्हणजे सोपं आहे काय.

फरक एवढाच धरा, केरेकू म्हणाले आम्ही विकलं म्हणून आमचा पण दोष. तुमच्या मेसेजवाला म्हणतो त्यांनी विकलं म्हणून दुसऱ्या कुणाचाच नाही.

परडी_कवडी

मी कापडाच्या आणि नाण्यांच्या व्यापारावर वाचत असते म्हणून यात एक गोष्ट घालते, कुणाच्याच बोलण्यात आली नाही अजून.

आमच्या घरात रेणुकेचं आहे, देव्हाऱ्यात परडी आणि कवड्यांची माळ, आजी दर मंगळवार-शुक्रवार जोगवा मागायची. ती कवडी. पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे मास्तरांनी सांगितलं त्या व्हिदा बंदराच्या मुलखात, नाणं म्हणून हीच कवडी चालायची. आणि ती तिथल्या समुद्रात मिळत नव्हती. मालदीवमध्ये वेचायचे, तिथनं बंगालच्या आणि श्रीलंकेच्या बंदरात यायची, मग कंपन्यांची जहाजं तळाला वजन म्हणून पोत्यांनी भरून ॲमस्टरडॅम नाहीतर लंडनला न्यायची, आणि तिथनं परत जहाजात घालून आफ्रिकेला. तिथं हजारोंनी कवड्या मोजून एक माणूस मिळायचा. कवडीमोल हा शब्द आपण किती सहज वापरतो. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी देव्हाऱ्यातली माळ हातात घेऊन बसले होते, आई म्हणाली काय झालं गं.

आणि नुसती कवडी नाही, कापड पण. गुजरातचं आणि कोरोमंडलच्या किनाऱ्याचं सुती कापड आफ्रिकेत इतकं पसंत होतं की युरोपच्या व्यापाऱ्यांना ते नेल्याशिवाय सौदा करता येत नव्हता. आपल्या विणकरांना पत्ताच नाही की निळ्या पट्ट्याचं ठाण कुणाच्या पोराच्या बदल्यात जाणार आहे. मी त्यांना दोष देत नाहीये, मला फक्त हे दिसतंय की ती साखळी केवढी लांब होती, आणि कोण कुठल्या कडीला किती जाणून होता हे बघितल्याशिवाय दोषाचं माप काढता येत नाही. मालदीवची बाई कवड्या वेचते तिला काहीच माहीत नाही. गेझोला माहीत होतं. जहाजाच्या कप्तानाला सगळं माहीत होतं, तो माणसं आडवी कशी रचायची याचा हिशोब करत होता. आणि लंडनचा विमावाला, ब्राझीलचा ऊसमळेवाला, त्यांनी तर कागदावर माणसांच्या किमती लिहिल्या.

ऊस म्हटल्यावर थांबवत नाही. नेलेल्यांपैकी सगळ्यात जास्त लोक अमेरिकेत नाही गेले, आजच्या अमेरिकेत थेट उतरले ते चार लाखांच्या आत. ब्राझीलला अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास, आणि कॅरिबियन बेटांवर कितीतरी. कशासाठी, तर मुख्यतः साखरेसाठी. आपण कोल्हापूरची माणसं, गुऱ्हाळात रात्री चरक चालू असताना झोप आली तर काय होतं हे आपल्याला सांगायला नको. त्या मळ्यांवर घाण्यात हात अडकला तर तोडायला कोयता शेजारी ठेवलेला असायचा.

शेवटचं, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. "आपल्याकडं असलं नव्हतं" असं कुणी म्हणेल म्हणून सांगते, पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकल्या घेतल्याच्या नोंदी आहेत, किमतीसकट. बदकर्माचा आरोप ठेवून बायकांना सरकारजमा करायचे, पागेत, कोठीत राबवायचे, बक्षीस म्हणून द्यायचे. कुणी पकडलं? आपल्याच लोकांनी. आपल्याच बायकांना. जोतीरावांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, पुण्यात बसून त्यांना ती गोष्ट परकी वाटली नाही.

स्पष्टच_बोलतो_कागल

ताई, कवडीचं मला माहीत नव्हतं. कुणबिणीचं पण शाळेत कधी शिकवलं नाही.

मी अजून म्हणतो की विकणाऱ्या राजांची नावं पुस्तकात ठळक आली पाहिजेत, दबकत नाही. पण मेसेज ज्या कारणासाठी फिरतोय ते कारण चुकीचं आहे एवढं मान्य. मी पण तो पुढं पाठवला होता, दोन ग्रुपवर. आज तिथं या चर्चेतलं थोडं टाकतो.

पेठेतला_वाचक

सगळ्यांचे आभार, मी हे तीन वेळा वाचलं.

काल एक गोष्ट झाली. घानाच्या दादांनी गाडीतल्या शांततेबद्दल लिहिलेलं वाचून मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी आत्याला फोन लावला. ती ऐंशीच्या पुढची आहे, करवीर तालुक्यातल्या गावीच असते. तिला विचारलं की पणजोबांना वेठीला बोलवायला कोण यायचं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली आपल्याच भावकीतला होता की रे, तुला ठाव न्हाय? त्याला त्या बदल्यात स्वतःला जावं लागायचं न्हाय. ती म्हणाली तुझ्या पणजीनं त्या घरात पुढं कधी पाणी घेतलं नाही.

पन्नास वर्षांत हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या पोस्टमध्ये किती सहज लिहून गेलो, गावातलाच माणूस यायचा म्हणून.

मग मी विचारलं की साहेब कोण होता ज्याचं सामान असायचं. तिला नाव माहीत नाही, कुणालाच नाही. गोरा होता का आपल्यातलाच कोण अधिकारी होता हे पण नाही. पण त्या भावकीतल्या माणसाचं नाव, त्याच्या पोरांची नावं, घर कुठल्या बोळात होतं, सगळं तोंडपाठ. उत्तर घानाच्या त्या आजी लोकांच्या गोष्टीत गोरा येत नाही ते मला आता कळतंय.

रविवारी कट्ट्यावर मी दाहोमेचं आधी सांगणार, मास्तर म्हणतात तसं, लपवणार नाही. मग कवडीचं. आणि धीर झाला तर भावकीचं.

मास्तर, एक विचारायचं होतं, महाराजांनी वेठबिगारी बंद केली तो हुकूम मूळ शब्दात कुठं वाचायला मिळेल? आत्याला वाचून दाखवायचा आहे, तिला कमी दिसतं.

जुना_मास्तर

शाहू महाराजांच्या हुकुमांचे संग्रह छापलेले आहेत, करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. मी बुधवारी सकाळी तिथं असतो, दहाच्या पुढं या, आपण मिळून शोधू. येताना चष्मा आणा, छपाई बारीक आहे.